झेन, तलवार आणि सम्राटाची सेवा

गेले तीन शनिवार-रविवार ब्रायन व्हिक्टोरियाच्या 'झेन ॲट वॉर' या पुस्तकात गेले. पुस्तक १९९७ सालचं, वाढवलेली आवृत्ती २००६ची, म्हणजे ताजं अजिबात नाही. पण मी ते आत्ता वाचलं आणि त्यातला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. प्रश्न तसा साधा आहे. वर्षानुवर्षं रोज ध्यानाला बसणारा, 'मी'पणा गळून पडावा म्हणून झटणारा माणूस राजकारणात कुठे उभा राहतो?

मराठी माणसाच्या डोक्यात याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. बौद्ध म्हटलं की आपल्याला आठवतात बाबासाहेब, दीक्षाभूमी आणि समता. अमेरिकेतल्या मित्राला विचारलं तर तो दलाई लामा, शांतता आणि सेंद्रिय भाज्या म्हणेल. दोन्हीकडे गृहीत एकच, की बुद्धाच्या मार्गाला लागलेला माणूस आपोआप पुरोगामी, निदान युद्धविरोधी तरी असणार. मी स्वतः गेली काही वर्षं सकाळी अर्धा तास बसतो, इगतपुरीचा दहा दिवसांचा कोर्सही केला आहे. त्यामुळे हे गृहीतक खरं असावं असं मला मनापासून वाटतं. आणि नेमकं म्हणूनच ते तपासून बघणं भाग आहे. जपानचा १८६८ ते १९४५ हा काळ ही त्याची सगळ्यात कठीण टेस्ट केस.

सुरुवात जरा मागून करू. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकापासून, जपानमधल्या प्रत्येक कुटुंबाला कुठल्या ना कुठल्या बौद्ध देवळात नाव नोंदवावं लागे. कारण धार्मिक नव्हतं. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती आणि 'हे कुटुंब ख्रिस्ती नाही' असा दाखला देवळाचा भिक्षू देत असे. लग्न, स्थलांतर, मृत्यू, सगळीकडे हा दाखला लागायचा. थोडक्यात, गावचा भिक्षू हा अर्धा धर्मगुरू आणि अर्धा तलाठी होता. देवळांना यातून हमखास उत्पन्न मिळालं आणि सत्तेच्या कुशीत बसायची सवय लागली. अडीचशे वर्षांची सवय म्हणजे काय, ते लेगसी सिस्टिमवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

१८६८ मध्ये मेइजी क्रांती झाली आणि सगळं उलटं झालं. नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध देवस्थानं वेगळी करण्याचा हुकूम काढला. बौद्ध धर्म 'परका' ठरला, कारण तो भारतातून चीन-कोरियामार्गे आलेला. ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले, घंटा वितळवल्या गेल्या. दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतात तर बौद्ध देवळं जवळपास शिल्लकच राहिली नाहीत. नारामधल्या कोफुकु-जी या प्राचीन मठाच्या भिक्षूंना शेजारच्या कासुगा देवस्थानाचे शिंतो पुजारी व्हावं लागलं. १८७२ मध्ये सरकारने आणखी एक फतवा काढला, की भिक्षूंनी लग्न करावं, मांस खावं, केस वाढवावेत, सरकारची काही हरकत नाही! वरवर ही मोकळीक वाटते. पण तिचा अर्थ असा होता की तुमची व्रतं पाळली जावीत की नाही याच्याशी आता राज्याला काही देणंघेणं नाही.

पुढचं सगळं समजून घ्यायचं तर बौद्ध संघाची ही अवस्था लक्षात ठेवावी लागते. राजाश्रय गेलेला, परका म्हणून हिणवला गेलेला, आणि पुन्हा जागा मिळवायची तर आपण राष्ट्राच्या उपयोगाचे आहोत हे सिद्ध करण्याची घाई. अशा वेळी माणूस मूळच्या देशभक्तापेक्षा चार पावलं पुढे जातो. आपल्या आजूबाजूलाही हे दिसतंच.

आता शाकु सोएन यांची गोष्ट घ्या. रिन्झाई झेन परंपरेतले मोठे गुरू. तरुणपणी सिलोनमध्ये राहून आले, १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत गेले. हो, तीच परिषद, विवेकानंदांची आणि अनागारिक धर्मपालांची. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झाल्यावर हेच सोएन सैन्याबरोबर आघाडीवर गेले. त्याच सुमारास टॉलस्टॉयने युद्धाचा दोन्ही बाजूंनी मिळून निषेध करावा म्हणून त्यांना साद घातली होती. सोएन यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हत्या वाईटच, पण न्याय्य शांततेसाठी लढलेलं युद्ध ही वेगळी गोष्ट आहे. हा युक्तिवाद जगातल्या प्रत्येक धर्माने कधी ना कधी केलेला आहे. फरक इतकाच की इथे तो करणारा माणूस अहिंसेच्या पहिल्या शीलाने बांधलेला होता.

सोएन यांचे शिष्य डी. टी. सुझुकी, पश्चिमेला झेनची ओळख करून देणारे. १८९६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी धर्मावर एक पुस्तक लिहिलं. त्यात धर्माने आधी राज्याचं अस्तित्व टिकवायला हातभार लावावा असा सूर आहे. १९३८ मध्ये त्यांचं झेन आणि जपानी संस्कृतीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात सामुराई आणि तलवारबाजीवर मोठी प्रकरणं आहेत. त्यातलाच एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. सुझुकी म्हणतात की झेनकडे स्वतःची अशी राजकीय विचारसरणी नाही. ते अराज्यवाद, फॅसिझम, साम्यवाद, लोकशाही, कशाबरोबरही नांदू शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर झेन प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट आहे. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. ऐकायला छान वाटतं, पण १९३८ साली जपानमध्ये कुठली ऑपरेटिंग सिस्टिम चालू होती, ते बघा.

सुझुकींवर न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की त्यांच्याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. केम्म्यो ताइरा सातो यांच्यासारख्यांनी व्हिक्टोरियाला सविस्तर उत्तर दिलं आहे. सुझुकींची वाक्यं संदर्भ तोडून घेतली, खासगीत त्यांना लष्करशाहीबद्दल नाराजीच होती, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात तथ्य वाटतं. पण सुझुकींना बाजूला ठेवलं तरी यादी संपत नाही.

सुगिमोतो गोरो नावाचा लष्करी अधिकारी होता. यामाझाकी एकिजू या रिन्झाई गुरूंच्या हाताखाली त्याने अनेक वर्षं मनापासून साधना केली. १९३७ मध्ये तो चीनमध्ये लढताना मारला गेला. मृत्यूनंतर त्याचं पुस्तक निघालं आणि तरुणांमध्ये प्रचंड वाचलं गेलं. त्याचा सारांश असा, की झेनमध्ये 'स्व' विसरायचा असतो. मग तो विसरून काय करायचं? तर सम्राटात विलीन व्हायचं. म्हणजे 'अनात्म' हा बुद्धाचा सिद्धान्त घेतला आणि रिकाम्या झालेल्या जागी सम्राट बसवला. मला हे वाचताना खरंच अंगावर काटा आला, कारण पहिला अर्धा भाग मी दर रविवारी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकतो, आणि तो मला आवडतोही.

१९३२ मधला प्रकार तर आणखी थेट. निचिरेन पंथाचा प्रचारक इनोऊए निश्शो याच्या शिष्यांनी फेब्रुवारीत माजी अर्थमंत्री इनोऊए जुन्नोसुके आणि मार्चमध्ये मित्सुई उद्योगसमूहाचे प्रमुख दान ताकुमा यांचा गोळ्या घालून खून केला. भ्रष्ट राजकारणी आणि भांडवलदार संपवून सम्राटाचं शुद्ध राज्य आणायचं, ही कल्पना. खटल्यात आरोपीच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं, तर यामामोतो गेम्पो, त्या काळातले अत्यंत आदरणीय झेन गुरू. निश्शोला जन्मठेप झाली आणि १९४० मध्ये तो माफीत सुटलाही.

युद्ध पेटल्यावर सोतो आणि रिन्झाई पंथांनी वर्गण्या काढून लष्कराला विमानं दिली. देवळांत विजयासाठी पाठ झाले. बौद्ध परंपरेत चार ऋणं सांगितली आहेत: आई-वडिलांचं, सर्व प्राणिमात्रांचं, राजाचं आणि बुद्ध-धम्म-संघ या त्रिरत्नांचं. आपल्याकडच्या देवऋण-ऋषिऋण-पितृऋणासारखंच. या चारांपैकी राजाचं ऋण उचलून सगळ्यात वर ठेवलं की बाकीचं काम सोपं होतं. नवीन काही शिकवावं लागत नाही, फक्त प्रायॉरिटी बदलावी लागते.

इथे एक भेद करायला हवा. पुराणमतवादी असणं आणि लष्करशाहीचं समर्थन करणं या दोन गोष्टी एक नाहीत. परंपरा जपणं, गुरूपासून शिष्याकडे जे आलं ते जसंच्या तसं पुढे देणं, कर्तव्य, शिस्त, पूर्वजांचं स्मरण, हे सगळं कुठल्याही मठाच्या रक्तात असतं. ते नसतं तर अडीच हजार वर्षांपूर्वीचं ध्यान आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. त्यामुळे 'बौद्ध माणूस कन्झर्व्हेटिव्ह कसा असू शकतो?' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. बहुतेक काळ, बहुतेक देशांत तो तसाच होता. खरा प्रश्न असा आहे की जपण्यासारखं काय आणि नाकारण्यासारखं काय, हे ठरवायची वेळ आल्यावर साधना मदतीला येते का?

पाली ग्रंथांत दोन्ही बाजूंना आधार सापडतो. राजा बिंबिसाराने तक्रार केली की माझे सैनिक संघात पळून येतायत, तेव्हा बुद्धाने राजाच्या नोकरीत असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. म्हणजे राज्याशी जुळवून घेणं अगदी पहिल्या पिढीपासून आहे. पण संयुत्त निकायात एक सैनिक विचारतो, की लढता लढता मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो असं आमचे आचार्य म्हणतात, ते खरं का? बुद्ध दोनदा टाळतो आणि तिसऱ्यांदा स्पष्ट सांगतो, की नाही, त्याला नरक मिळतो. जपानी गुरूंना हे सूत्र माहीत नसेल असं मानायला जागा नाही. सोएन तर सिलोनमध्ये राहून आलेले.

आणि मग उचियामा गुडो. या लेखाचं खरं निमित्त हाच माणूस.

उचियामा हा सोतो झेनचा भिक्षू, जन्म १८७४ चा. हाकोनेच्या डोंगरातल्या रिन्सेन-जी या छोट्याशा, गरीब देवळाचा तो प्रमुख होता. गावातले लोक कुळं, जमीन दुसऱ्याची. हा माणूस समाजवादी वर्तमानपत्र वाचायला लागला आणि त्याला वाटलं की संघात खासगी मालमत्ता नाही, सगळे सारखे, हेच तर आपण करत आलो. १९०८ मध्ये त्याने देवळातच लपवलेल्या छापखान्यावर एक पत्रक छापलं. त्यात कुळांना विचारलं होतं, की तुम्ही गरीब का? भिक्षू सांगतात तसं मागच्या जन्मीच्या पापांमुळे? विसाव्या शतकातही यावर विश्वास ठेवलात तर तुमच्यात आणि बैल-घोड्यांत फरक काय? जमीनदाराला खंड देऊ नका, सैन्यात जाऊ नका, आणि सम्राट देवाचा वंशज वगैरे काही नाही.

मे १९०९ मध्ये त्याला पकडलं. १९१० मध्ये सम्राटाच्या हत्येच्या कटाचा मोठा खटला उभा राहिला, तेव्हा तो आधीच तुरुंगात होता. तरी त्यालाही गोवलं. २४ जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यातल्या १२ जणांची नंतर जन्मठेपेत बदलली. उचियामा उरलेल्या १२ जणांत होता. २४ जानेवारी १९११ ला त्याला फाशी दिली. त्याच्या पंथाने निकालाचीही वाट पाहिली नाही. जून १९१० मध्येच त्याचं भिक्षूपद काढून घेतलं. याच खटल्यात आणखी दोन भिक्षू होते, शिन पंथाचा ताकागी केन्म्यो आणि रिन्झाईचा मिनेओ सेत्सुदो. दोघांना जन्मठेप, दोघेही तुरुंगात मेले. दोघांनाही त्यांच्या पंथांनी झटकून टाकलं.

उचियामाला फाशी झाली तेव्हा आंबेडकर १९ वर्षांचे होते. दोघांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही. पण 'द बुद्ध अँड हिज धम्म' हे १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर आलेलं पुस्तक काढून बघा. प्रस्तावनेतच ते प्रश्न उभे करतात. त्यातला एक कर्म आणि पुनर्जन्माचा आहे, एक भिक्षूचा: भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक? आणि पुढे ते म्हणतात की मागच्या जन्मीचं कर्म ही कल्पना गरिबांच्या दुर्दशेची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून काढून घेण्यासाठीच कामाला येते. हाकोनेच्या डोंगरातला भिक्षू आणि मुंबईतला कायदेपंडित, दोघांचं बोट एकाच जागी. परंपरावाद्यांनी बाबासाहेबांवर 'हा मूळ बौद्ध धर्म नाही' अशी टीका केली, आजही होते. जपानचा इतिहास वाचल्यावर मला उलट वाटायला लागलंय, की ते प्रश्न विचारल्याशिवाय हा धर्म हाती घेणं त्यांना धोक्याचं वाटलं असेल, तर ते अगदी बरोबर होतं.

युद्धानंतर काय झालं? बराच काळ काहीच नाही. इचिकावा हाकुगेन या रिन्झाई भिक्षू-प्राध्यापकाने १९७० मध्ये बौद्धांच्या युद्धजबाबदारीवर पुस्तक लिहिलं. युद्धकाळात आपणही प्रवाहाबरोबर गेलो हे त्याने लपवलं नाही. सत्तेला शरण जायला सोपी जाणारी अशी १२ वैशिष्ट्यं त्याने बौद्ध परंपरेतच शोधली. कर्मसिद्धान्त त्यात आहे, तसंच 'मनःशांती'चं अतिरेकी महत्त्वही आहे, आणि कुठल्याच टोकाला न जायची मध्यममार्गी सवयही. म्हणजे नेमक्या ज्या गोष्टींची आपण जाहिरात करतो त्याच!

त्याच वर्षी ब्रायन व्हिक्टोरिया, तेव्हा सोतो पंथाचा अमेरिकन भिक्षू, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काम करत होता. त्याला तोक्योतल्या मठाचे प्रमुख निवा रेम्पो यांनी बोलावून शांतपणे बजावलं, की झेन भिक्षूने राजकारणात पडू नये. युद्धाला पाठिंबा देणं राजकारण नव्हतं, विरोध करणं मात्र राजकारण! त्या भेटीतून त्याचं संशोधन सुरू झालं आणि सत्तावीस वर्षांनी पुस्तक आलं. सोतो पंथाने १९९२ मध्ये जाहीर माफी मागितली आणि १९९३ मध्ये उचियामाचं भिक्षूपद परत दिलं, फाशीनंतर ८२ वर्षांनी. रिन्झाईच्या म्योशिन-जी शाखेने २००१ मध्ये माफी मागितली.

आजचं चित्र? सोका गाक्काईचे संस्थापक माकिगुची यांनी शिंतो देवस्थानाचा ताईत घ्यायला नकार दिला म्हणून ते १९४३ मध्ये तुरुंगात गेले आणि १९४४ मध्ये तिथेच वारले. त्या संघटनेतून १९६४ मध्ये कोमेइतो हा शांततावादी पक्ष निघाला. हाच पक्ष १९९९ मध्ये जपानच्या सगळ्यात मोठ्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा भागीदार झाला आणि २०१५ च्या वादग्रस्त संरक्षण कायद्यांना त्याने पाठिंबा दिला. संघटनेचे काही सदस्य आपलाच तिरंगी झेंडा घेऊन संसदेबाहेर निषेधाला उभे राहिले. २६ वर्षांची ती युती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. समर्थक म्हणतात आत राहून लगाम घातला, टीकाकार म्हणतात झूल पांघरली. दोन्हीत थोडं थोडं खरं असावं.

हे सगळं जुनं आणि लांबचं आहे असं वाटत असेल तर आपल्या क्षेत्राकडे बघा. आयटी कंपन्यांत माइंडफुलनेसचे वर्ग भरतात. जपानी कंपन्या नवीन भरती झालेल्यांना झेन मठात पाठवायच्या, शिस्त आणि निष्ठा अंगी बाणावी म्हणून, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. वर्ग चांगले असतात, मलाही उपयोग झाला. पण रात्री अकराला प्रॉडक्शन पडल्यावर मी शांत राहतो, आणि 'ही डेडलाइन मुळात ठरवली कुणी?' हेही विचारत नाही. पहिली गोष्ट साधनेचं फळ. दुसरीही तिचंच फळ असेल तर मात्र विचार करायला हवा.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. ध्यानाने मन स्थिर होतं, भीती कमी होते, एकाग्रता वाढते. सुगिमोतोलाही हे सगळं मिळालं होतं आणि उचियामालाही. एक त्याच्या जोरावर रणांगणावर गेला, दुसरा फाशीच्या तख्तावर. दोघांत फरक पाडला तो आसनावरच्या तासांनी नाही. उचियामा आसनावरून उठल्यावर देवळाच्या दारात उभ्या असलेल्या कुळाकडे बघत होता आणि 'हा गरीब का?' असं विचारत होता. हा प्रश्न ध्यान आपल्याला आपोआप देत नाही. तो बाहेरून, शेजाऱ्याकडून, इतिहासाकडून, कधी बाबासाहेबांसारख्याकडून घ्यावा लागतो.

मी सकाळचा अर्धा तास बंद करणार नाही. फक्त उठल्यावर वर्तमानपत्र वाचणंही आता साधनेत धरायचं ठरवलंय. बाकी पुस्तक जरूर मिळवून वाचा. तूर्तास इतकंच.